शोलाकिली ओळखताना निळा रंग शेवटी बघा

उटी, कोडाईकनाल किंवा मुन्नारच्या घळींमध्ये धुक्यात बुडालेली, ठेंगणी, शेवाळाने मढलेली जंगलं दिसतात. तमिळमध्ये त्यांना ‘सोलै’ म्हणतात, साहेबाच्या उच्चारात त्याचं ‘शोला’ झालं. मल्याळममध्ये ‘किळी’ म्हणजे पक्षी. या दोन शब्दांतून ज्याचं नाव तयार झालं तो शोलाकिली हा पक्षी या जंगलाबाहेर कुठेही राहत नाही. आकाराने चिमणीएवढा, १५ सेंटिमीटरच्या आसपास. रंगाने निळसर-करडा, पायाने उंच, शेपटीने आखूड. उटीला दहा वेळा जाऊन आलेल्यांनीही तो बहुधा पाहिलेला नसतो, आणि पाहिला असेल तर ‘कुठला तरी निळा माशीमार’ म्हणून सोडून दिलेला असतो.

ही चूक होते कारण आपण पक्षी ओळखायला रंगापासून सुरुवात करतो. मोकळ्या माळावर, उन्हात, ते चालतं. शोलात मात्र रंग ही सगळ्यांत कमी भरवशाची खूण आहे. तिथला क्रम असा ठेवा: ठिकाण, मग जंगलाचा थर, मग अंगकाठी आणि चाल, मग पोट आणि कूस, मग भुवई. निळा रंग शेवटी.

आधी नकाशा, मग दुर्बीण

शोलाकिलीच्या दोन मुख्य जाती आहेत. पालघाट खिंडीच्या उत्तरेला नीलगिरी शोलाकिली आणि दक्षिणेला पांढऱ्या पोटाची शोलाकिली. कोइंबतूरहून पालक्काडला रेल्वेने जाताना डोंगररांग जिथे एकदम खाली बसते, तीच ही खिंड. रुंदी साधारण ३० किलोमीटर. गाडीने गेलं तर तासाभराचं अंतर. पण थंड, ओल्या जंगलातून बाहेर न पडणाऱ्या पक्ष्याला मधला गरम सखल पट्टा ओलांडता येत नाही. त्यामुळे दोन्हीकडचे पक्षी फार जुन्या काळापासून एकमेकांपासून तुटलेले आहेत. उंच माथ्यांवरच्या या जंगलांना अभ्यासक ‘आकाशातली बेटं’ म्हणतात ते याच अर्थाने.

उत्तरेकडची जात बघायची तर उटी, कुन्नूर, कोटागिरीचा परिसर, वायनाडमधला बाणासुर डोंगर, आणि कर्नाटकात ब्रह्मगिरी व बाबाबुदनगिरी. महाराष्ट्रातून निघणाऱ्यांना चिकमगळूरजवळची बाबाबुदनगिरी सगळ्यांत जवळ पडते. दक्षिणेकडची जात अण्णामलै, कोडाईकनालचे पळणी डोंगर आणि मुन्नारच्या आसपास. त्याहीखाली शेनकोट्टा खिंडीपलीकडच्या अशांबू डोंगरांत आणखी एक वेगळी शोलाकिली आहे. तिला कुणी स्वतंत्र जात मानतं, कुणी पांढऱ्या पोटाच्या जातीचीच उपजात. दिसायला ती पांढऱ्या पोटाच्या शोलाकिलीच्या इतकी जवळ आहे की जंगलात तिचं नाव मुख्यतः ठिकाणावरूनच ठरतं.

उंचीचं भानही ठेवा. साधारण १,२०० मीटरच्या खाली शोलाकिलीची आशा धरू नका. १,५००च्या वर, जिथे घळीत जंगल आणि माथ्यावर गवत अशी रचना दिसते, तिथे शोध खरा सुरू होतो. निलगिरी (युकॅलिप्टस), वॅटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ) किंवा पाइनची लागवड म्हणजे शोला नव्हे. लागवडीत झाडं सरळसोट, एका वयाची असतात. शोलात खोडं वाकडीतिकडी, फार तर दहा-पंधरा मीटर उंच, फांद्यांवर शेवाळ आणि दाढीसारखं लोंबणारं दगडफूल, कडेला लाल फुलांचं ऱ्होडोडेंड्रॉन. पायाखाली ओला, कुजणारा, जाड पालापाचोळा हवा. तो नसेल तर पुढे चला.

महाराष्ट्रात शोलाकिली नाही. महाबळेश्वर-आंबोलीला धुकं भरपूर असलं तरी ही जंगलं तिच्या वस्तीच्या पट्ट्यापासून फार लांब उत्तरेला आहेत. सरावाला मात्र ती उत्तम. ज्या पक्ष्यांशी शोलाकिलीची गल्लत होते त्यांतले दोन-तीन सह्याद्रीत आपल्याकडेच भेटतात. ते आधी नीट ओळखता आले तर अर्धं काम इथेच होतं.

जुन्या पुस्तकांत शोधाल तर नावांचा घोळ होईल. पूर्वी या पक्ष्याला शॉर्टविंग म्हणत आणि हिमालयातल्या ब्रॅकिप्टेरिक्स या प्रजातीत (जीनसमध्ये) बसवत. मग ब्लू रॉबिन म्हणून तो मायोमेला प्रजातीत गेला. २०१७ मध्ये पक्षी-अभ्यासक व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी जनुकांचा अभ्यास करून दाखवलं की हा या डोंगरांवरच घडलेला वेगळा वंश आहे, आणि त्याच्यासाठी ‘शोलिकोला’ ही नवी प्रजाती केली. जुनं पुस्तक वापरत असाल तर नावं बदलून वाचा. आणि २००५च्या आधीच्या बऱ्याच पुस्तकांत दोन्ही जाती एकच धरलेल्या असतात, तेव्हा चित्र नेमकं कुठल्या बाजूच्या पक्ष्याचं आहे तेही तपासा.

पांढऱ्या पोटाच्या शोलाकिलीचा आपल्या मातीशी एक धागा आहे. निसर्ग-अभ्यासक ब्लॅनफर्डने १८६८ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन केलं ते पळणी डोंगरांतल्या नमुन्यांवरून, आणि ते नमुने मिळवणारे सॅम्युएल फेअरबँक हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्यात काम करत. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगरच्या पक्ष्यांची त्यांनी केलेली यादी १८७६ मध्ये प्रसिद्ध झाली. कोडाईकनालच्या शोलात मोठमोठ्याने बोलत फिरणाऱ्या लाफिंगथ्रशच्या शास्त्रीय नावात आजही ‘फेअरबँकी’ आहे.

बसायचं कुठे आणि केव्हा

शोलाकिलीच्या मागे जंगलात शिरू नका. तुम्ही एक पाऊल टाकलं की ती दोन झुडपं पुढे जाते, आणि ओल्या उतारावर पाय घसरतो तो वेगळाच. पायवाटेवर किंवा जंगलातून जाणाऱ्या जुन्या गाडीरस्त्यावर बसा. दिवसभर झुडोऱ्यात राहणारा हा पक्षी उजाडताना आणि मावळतीला वाटेच्या कडेला येऊन किडे टिपतो. पहाटेचा पहिला पाऊण तास आणि संध्याकाळचा शेवटचा पाऊण तास एवढीच खरी वेळ समजा. दाट धुक्याच्या दिवशी दुपारीही आशा असते.

जागा निवडताना तीन गोष्टी एकत्र शोधा: वाटेला छेदणारा ओहोळ, दोन्ही बाजूंनी गुडघाभर ते कमरेएवढा झुडोरा, आणि वाटेवरच साठलेला पालापाचोळा. शोलातला झुडोरा बऱ्याच ठिकाणी आपल्या कारवीच्याच भाऊबंदांचा असतो, पानं बघून लगेच ओळखीची वाटतील. अशा जागेपासून सात-आठ मीटरवर, वळणाच्या अलीकडे, पाठीशी झाड घेऊन बसा. उभं राहिलात तर तुमची आकृती उजेडावर उठून दिसते.

दुर्बीण आधीच त्या सात मीटरवर फोकस करून ठेवा. पक्षी आल्यावर चाक फिरवायला वेळ मिळत नाही. तो बाहेर येतो तो बहुतेक वेळा काही सेकंदांसाठी.

दुर्बिणीचं गणित इथे महत्त्वाचं आहे. ८x४२ (म्हणजे आठ पट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिलिमीटरच्या पुढच्या भिंगाच्या) दुर्बिणीतून डोळ्याला मिळणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास ५.२५ मिलिमीटर असतो (४२ भागिले ८). १०x४२ मध्ये तो ४.२ होतो, ८x३२ मध्ये ४. भर उन्हात फरक कळत नाही. शोलाच्या अंधारात मात्र हाच फरक पोटाचा रंग दिसण्या-न दिसण्याचा असतो. शिवाय १० पटीत हात थरथरलेला जास्त जाणवतो. नवी घेत असाल तर ८x४२ घ्या आणि ती अडीच मीटरपर्यंत जवळचं स्पष्ट दाखवते का ते दुकानातच तपासा.

थंडीत डोळ्याकडची भिंग श्वासाने आणि डोळ्याच्या ओलाव्याने धुरकट होते. रबरी कप एक टप्पा बाहेर काढून डोळा किंचित लांब ठेवा, वाट बघताना दुर्बीण छातीवर राहू द्या, जॅकेटच्या आत घालू नका. आतली घामट, उबदार हवा गार काचेवर बसते आणि नेमक्या वेळी सगळं पांढरं दिसतं. एक सुती रुमाल कोरडा राहील अशा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. परतताना डोंगर उतरण्याआधी दुर्बीण आणि कॅमेरा पिशवीत बंद करा आणि खाली पोचल्यावर तासभर उघडू नका, नाहीतर गरम दमट हवा लागून आतबाहेर दव धरतं.

थर, अंगकाठी, चाल

पक्षी दिसला की पहिला प्रश्न: जमिनीपासून किती उंचीवर? शोलाकिली जमिनीवर किंवा कमरेच्या खाली. ओळीने तीन-चार वेळा डोक्याच्या वरच्या फांदीवर बसणारा निळा पक्षी शोलाकिली नसण्याची शक्यता फार मोठी आहे. गाताना ती थोडी वर चढते, ही एक सवड ठेवा.

दुसरा प्रश्न: बसतो कसा, चालतो कसा? माशीमार ताठ बसतो, पाय दिसतच नाहीत, हवेत झेप घेऊन किडा धरतो आणि त्याच किंवा शेजारच्या फांदीवर परततो. शोलाकिलीचं अंग आडवं, गोलसर आणि पायांवर उचललेलं असतं. वाटेवर आली की दोन-तीन उड्या, मग थबकणं, मान किंचित पुढे, पानांच्या फटीतून काहीतरी टिपणं, पुन्हा दोन उड्या. आपल्या अंगणातला दयाळ जमिनीवर उतरल्यावर जसा वागतो, त्याच्याशी ही चाल बरीच जुळते. फक्त शेपटी दयाळासारखी लांब नाही आणि ती सारखी वर-खाली मिरवत नाही. पंख आखूड आणि गोलाकार, म्हणून उडते तीही कमी अंतर, जमिनीलगत, आणि थेट झुडपात.

पाचोळ्यातून मोठा खसफस आवाज येत असेल, पानं उडवली जात असतील, तर तिथे बहुधा कस्तूर आहे. शोलाकिलीची हालचाल फार हलकी असते.

उजेड कसा फसवतो

या भागावर वेळ घालवा, कारण चुकीची ओळख इथेच सगळ्यांत जास्त होते.

पक्ष्यांच्या पिसांतला निळा हा रंगद्रव्याचा रंग नसतो. पिसाच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश विखुरतो आणि निळा दिसतो. प्रकाश कमी झाला की निळाही जातो. त्यामुळे दाट सावलीतली शोलाकिली निळी दिसतच नाही, काळपट करडी दिसते. भिजलेली असेल तर आणखी गडद. ‘निळं काही दिसलं नाही’ म्हणून तिला यादीतून काढून टाकू नका.

तांबूस रंगाचं याहून अवघड आहे, आणि इथे दोष पिसांचा नाही, आपल्या डोळ्याचा आहे. उजेड कमी होताना डोळ्याची संवेदना लाल रंगाकडून निळ्या-हिरव्याकडे सरकते. याला पुर्किंजे परिणाम म्हणतात. घरच्या कुंडीतली लाल जास्वंद तिन्हीसांजेला बघा: दिवसा पानांपेक्षा झळझळीत वाटणारं फूल अंधार पडू लागला की काळं पडतं, आणि पानं मात्र अजून फिकी, स्पष्ट दिसत राहतात. शोलाकिलीच्या बाबतीत नेमकं हेच घडतं. नीलगिरी शोलाकिलीची ओळख तिच्या तांबूस कुशीवर आहे, आणि मावळतीला ती तांबूस कूस करडी वाटते. मग पाहणारा ‘कूस करडी, पोट पांढरं’ असं टिपतो आणि उटीत बसून कोडाईकनालचा पक्षी वहीत लिहितो. सकाळी उजेड वाढत असतो, म्हणून शंका आली तर पाच मिनिटं थांबून पुन्हा बघता येतं. जातीची खात्री करायची असेल तर सकाळच निवडा.

तिसरा फसवा प्रकार म्हणजे हिरवा उजेड. दाट पानांमधून झिरपलेला प्रकाश पांढऱ्या पोटाला पिवळट-हिरवट छटा देतो. शेजारच्या ओल्या खोडावरचं पांढरं दगडफूल कसं दिसतंय ते बघा. तेही पिवळट दिसत असेल तर पोट पांढरंच आहे.

दोन जाती शेजारी ठेवून

नीलगिरी शोलाकिली: पाठ, डोकं, गळा, छाती निळसर-करडी. पोटाच्या दोन्ही बाजू, म्हणजे कुशी, तांबूस. पोटाचा मधला भाग पांढरट. भुवई असते पण आखूड, फिकी आणि बऱ्याचदा दिसत नाही.

पांढऱ्या पोटाची शोलाकिली: वरून तशीच, थोडी अधिक निळी. कुशीला तांबूस अजिबात नाही, छातीचा निळसर-करडा रंगच कुशीवर उतरतो आणि मध्ये स्वच्छ पांढरं पोट. कपाळापासून डोळ्यावर येणारी भुवई पांढरट-निळी आणि अधिक ठळक. तिच्याखाली चोच ते डोळा काळा पट्टा असल्यामुळे ती आणखी उठून दिसते.

नर-मादी दोन्हींत जवळजवळ सारखे, तेव्हा ‘ही मादी असेल’ म्हणून रंगातला फरक मिटवू नका. पिल्लं मात्र वेगळी दिसतात: तपकिरी, अंगभर फिक्या ठिपक्या-रेघांची. मे-जूननंतर असं ठिपकेदार पिल्लू दिसलं तर आजूबाजूला मोठा पक्षी येतो का ते बघा. पिल्लावरून जात ठरवण्याचा आग्रह नको.

नकाशा जात आधीच सांगतो, मग कूस कशाला बघायची, असं वाटेल. बघायची, कारण नकाशावरून लिहिलेली नोंद ही ठिकाणाची नोंद झाली, पक्ष्याची नाही. ‘उटी आहे म्हणजे नीलगिरी शोलाकिली’ असं मानून बसलात तर समोर आलेला वेगळाच पक्षी तुम्ही तिच्याच नावावर घालाल.

ज्यांच्याशी गल्लत होते

पहिला मान हिवाळी पाहुण्या भारतीय निळ्या रॉबिनचा. ऑक्टोबर ते एप्रिल हा हिमालयातून खाली येतो, सह्याद्रीतही असतो, आणि शोलाकिलीसारखाच जमिनीवर, अंधाऱ्या झुडोऱ्यात राहतो. नराची पाठ निळी, भुवई पांढरी, पोट नारिंगी. फरक गळ्यावर आहे: याचा नारिंगी रंग थेट हनुवटीपासून सुरू होतो. शोलाकिलीचा गळा आणि छाती नेहमी निळसर-करडी, तांबूस असलंच तर फक्त कुशीला. याची मादी वरून तपकिरी असते, तिथे शोलाकिलीचा प्रश्नच नाही. शिवाय हा शेपटी सारखी थरथरवतो.

दुसरा, पांढऱ्या पोटाचा निळा माशीमार. नराची छाती निळी आणि पोट पांढरं, म्हणजे रंगाच्या वर्णनात हुबेहूब पांढऱ्या पोटाची शोलाकिली. पुस्तकातलं चित्र बघून ओळखणारे इथे हमखास फसतात. हा आंबोलीसारख्या आपल्याकडच्या जंगलांतही असल्यामुळे आधी त्याची ओळख करून घ्या. ताठ बैठक, आखूड पाय, खालच्या फांद्यांवर बसून उडत किडे धरणं, आणि एकूण वावर कमी उंचीवरच्या जंगलात. जमिनीवर उड्या मारत चालणारा नाही.

नीलगिरी माशीमार शोलाच्या कडेला सगळीकडे दिसतो, उघड्यावर, उंच फांदीवर बसतो. नर पूर्ण गडद निळा, मादी करडी. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरट डाग असतो. पोट पांढरं नाही. शोलाकिली म्हणून दाखवला जाणारा पक्षी बऱ्याचदा हाच असतो.

शीळकरी कस्तूर निळा असला तरी २५ सेंटिमीटरचा, त्याला शोलाकिली म्हणणं म्हणजे साळुंकीला चिमणी म्हणणं. काळा-नारिंगी माशीमार दिसायला अगदी वेगळा, पण त्याची नोंद ठेवा: तो शोलाच्या त्याच खालच्या थरात राहतो, धीट असतो. तो दिसला तर तुम्ही योग्य जागी बसला आहात.

कानाने

दिसण्याआधी ऐकू येण्याची शक्यता जास्त. गाण्याचा भर मार्च ते जून. विणीचा मुख्य काळ एप्रिल-जूनचा. गाणं म्हणजे बारीक, उंच पट्टीतल्या शिट्ट्यांची संथ, लांबलेली ओळ, मध्ये मध्ये घरघरीत स्वर मिसळलेले. शीळकरी कस्तुराची शीळ माणसाने रस्त्याने जाताना उगाच घातल्यासारखी जाड आणि सैल. शोलातला काळा कस्तूर शेंड्यावरून खणखणीत गातो. शोलाकिलीचा आवाज या दोघांपेक्षा पातळ आणि खालून, झुडपातून येतो. वय वाढतं तसे उंच पट्टीतले स्वर आधी ऐकू येईनासे होतात, म्हणून साठीपुढच्यांनी सोबत तरुण कान असणं चांगलं.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण करताना नायलॉनचं जॅकेट काढून ठेवा किंवा हात अजिबात हलवू नका, त्याची कुरकुर गाण्यावर बसते. फोन आवाजाच्या दिशेने धरून किमान मिनिटभर सलग घ्या. शेवटी स्वतःच्या आवाजात ठिकाण, तारीख, वेळ, उंची आणि ‘पक्षी दिसला’ किंवा ‘दिसला नाही’ हे बोला. मर्लिनसारखं ॲप नाव सुचवेल, ते सुगावा म्हणून घ्या. ओहोळाच्या खळखळाटात आणि दोन पक्षी एकदम गाताना ॲप चुकतं.

गाणं वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावू नका. तो आपली हद्द राखणारा आहे. वाजवलेलं गाणं म्हणजे त्याच्या लेखी घरात शिरलेला दुसरा नर. विणीच्या दिवसांत त्याला हाकलायला तो खाणं, घरटं सोडून येतो, आणि पर्यटकांच्या वाटेवर हेच दिवसातून पाच वेळा घडलं तर त्या जोडीचा हंगाम बिघडतो. जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या पक्ष्याशी असं वागायचा आपल्याला अधिकार नाही. घरटं झाडाच्या ढोलीत किंवा मातीच्या दरडीत असतं. चोचीत किडा धरून पक्षी न खाता ताटकळत असेल तर तुम्ही घरट्याच्या आड आला आहात. लगेच मागे सरका.

फोटो आणि वही

फोटो सुंदर येण्यापेक्षा कूस आणि भुवई दिसणं महत्त्वाचं. पाठमोरा स्पष्ट फोटो ओळखीला निरुपयोगी, बाजूने घेतलेला थोडा हललेलाही चालतो. अंधाऱ्या झुडोऱ्यात कॅमेरा सगळं चित्र उजळ करायला जातो आणि पांढरं पोट जळतं, तिथे उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे २/३ ठेवा. मागे पांढरं धुकं असेल तर उलट होतं, पक्षी काळा पडतो, तेव्हा अधिक १. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर धुक्यात सगळ्यावर निळी छटा चढू शकते आणि करडा पक्षीही निळा होतो. रॉ फाइल ठेवा. फ्लॅश नको.

वहीत नाव आधी लिहू नका. जे दिसलं ते लिहा. उदाहरणार्थ: ‘पळणी डोंगर, शोलातली वाट, अंदाजे २,१०० मी. सकाळी ६.५०, विरळ धुकं. वाटेवर, जमिनीवर. चिमणीएवढा. उड्या मारत चालला, दोनदा थबकला. गळा-छाती करडी. डावी कूस दिसली, करडी, तांबूस नाही. पोट पांढरं. भुवई पांढरट, डोळ्याच्या जरा मागे संपते. शेपटी आखूड. अंदाजे ८ सेकंद.’ यातून नाव आपोआप निघतं. कूस दिसलीच नसेल तर तसं लिहा आणि नोंद ‘शोलाकिली’ एवढ्यावरच थांबवा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतानाही हेच वर्णन टिपणीत द्या, म्हणजे तपासणाऱ्याला तुमच्यावर नुसता विश्वास ठेवावा लागत नाही.

निघण्याआधी

मे २०२४ पासून नीलगिरी आणि कोडाईकनालला बाहेरच्या गाड्यांसाठी ई-पास लागू झाला. बऱ्याच शोलांत, कोडाईकनालजवळच्या बेरीजमसारख्या ठिकाणी तर नक्कीच, वनखात्याची परवानगी लागते. मुन्नारजवळचं इरविकुलम राष्ट्रीय उद्यान नीलगिरी ताहर या रानबकऱ्यांच्या विणीसाठी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद असतं. निघण्याच्या आठवडाभर आधी ताजी स्थिती विचारून घ्या. पावसात जळवा चिकटतात, त्यासाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे जळूमोजे बुटाच्या आत घाला. मीठ पानांवर टाकू नका.

संध्याकाळची बैठक असेल तर आणखी एक काळजी. कोडाईकनाल आणि उटीच्या शोलांच्या कडेला गवे अंधार पडताना बाहेर येतात, आणि धुक्यात ते दिसण्याआधी अगदी जवळ आलेले असतात. एकट्याने बसू नका, टॉर्च हाताशी ठेवा, परतीची वाट उजेडातच बघून ठेवा. समोर गवा आला तर बोलत, सावकाश मागे सरका, पाठ फिरवून पळू नका. शोलाकिली शेवटच्या उजेडापर्यंत वाटेवर दिसू शकते, तरी कुशीचा रंग ओळखू येईनासा झाला की उठा. त्यानंतर दिसलेल्या पक्ष्याची जात तसंही ठरवता येणार नाही.